ब्रेकची किंकाळी : सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ १ जून १९४८. पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक. हाच दिवस पुढे एसटीचा वर्धापनदिन ठरला. ती बस कशी निघाली, यावर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. ती थांबत कशी असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आजचा धागा थांबण्याच्या इतिहासाचा आहे. विशेषतः थांबताना चाकातून उमटणाऱ्या त्या कर्कश आवाजाचा. 🧵

२/ प्रथम मूळ प्रश्न. धावत्या गाडीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. ब्रेक ती नाहीशी करत नाही. घर्षणाने तिची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून चाकाला दाबणारा पदार्थ उष्णता सोसणारा हवा, पकड धरणारा हवा आणि लवकर न झिजणाराही हवा. असा पदार्थ शोधण्याची धडपड म्हणजेच ब्रेकचा इतिहास.

३/ घोडागाडीच्या काळी लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबला की काम भागे. मोटारीचे तसे नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी पतीने बनवलेल्या मोटारीतून मॅनहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला. अंतर जवळजवळ नगर–पुण्याइतकेच. उतारांवर लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका गावी त्यांनी चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या ‘लायनर’चा हा आद्य अवतार.

४/ १९०२ मध्ये बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे तांब्याचे तुकडे, अशी ती रचना होती. कल्पना काळाच्या पन्नास वर्षे पुढची होती, पण एक मोठा दोष होता. धातूवर धातू घासला की असह्य किंकाळी फुटे. ब्रेकच्या आवाजाची समस्या डिस्क ब्रेकबरोबरच जन्माला आली ती अशी.

५/ हा आवाज होतो कसा? सारंगी आठवा. राळ लावलेला गज तारेला क्षणभर चिकटतो, तिला ओढतो, तार निसटते, पुन्हा चिकटते. सेकंदात शेकडो वेळा हे घडते आणि सूर उमटतो. ब्रेकमध्येही तेच. पॅड चकतीला धरतो, निसटतो, पुन्हा धरतो. या थरथरीचा मेळ चकतीच्या किंवा कॅलिपरच्या नैसर्गिक कंपनाशी जमला की अख्खे चाक वाद्य बनते. सूर मात्र गोड नसतो.

६/ या आवाजाचे शास्त्र सावकाश घडले. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये मिल्स यांनी ड्रम ब्रेकच्या आवाजावर संशोधन प्रसिद्ध केले. वेग वाढता घर्षण कमी होणे, हे त्यांना कारण दिसले. १९६१ मध्ये स्पर यांनी दाखवले की घर्षणाचा अंक स्थिर असला, तरी केवळ भागांच्या तिरप्या बसण्यामुळेही रचना अडकत-सुटत राहते. निष्कर्ष महत्त्वाचा : आवाज केवळ पॅडचा नसतो, पूर्ण जोडणीचा असतो. गॅरेजमधला निम्मा घोळ हे विसरल्याने होतो.

७/ आता मागे १८९७ कडे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात, हे पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यात पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिळवून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. हे नाव आजही गॅरेजच्या फळीवर दिसते.

८/ फ्रूड यांचे आरंभीचे अस्तर सुती होते. ते उष्णतेने करपे. मग त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू राळेत बांधून अस्तर केले. १९०७ च्या सुमारास लँचेस्टर यांच्या तांब्यावर असे अस्तर चढवले आणि किंकाळी थांबली. न जळणारा, पकड धरणारा, शांत आणि स्वस्त : अभियंत्याला हवे ते सारे एकाच पदार्थात होते. पुढची सहा-सात दशके जगातील बहुतेक मोटारी याच पदार्थाच्या भरवशावर थांबल्या.

९/ या शांततेची किंमत दुसरेच कोणी मोजत होते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली केर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण आढळले. डॉ. विल्यम कुक यांनी हे प्रकरण त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ज्या उद्योगसमूहाच्या कारखान्यात त्या राबल्या, त्याच समूहाकडे त्या दशकात फेरोडो गेली.

१०/ ही कथा आपल्या दारापर्यंत येते. मुंबईच्या घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे अ‍ॅस्बेस्टॉस हा या धंद्याचा मुख्य कच्चा माल होता. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाविषयी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला.

११/ चाळीस वर्षे का? कारण हा रोग उगवायलाच दोन-तीन दशके घेतो. विशीत ओढलेली धूळ पन्नाशीत बाधते. ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटना त्याचे सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते. भारतात मात्र त्यावर सरसकट बंदी नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा; धाग्याच्या शेवटी तो परत येणार आहे.

१२/ आता नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. थांबण्याच्या शास्त्रात या शहराचे स्थान मोठे आहे. फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे असलेली लष्करी वाहनांची तांत्रिक संस्था फाळणीनंतर नगरला आली. तीच आजची ‘व्हीआरडीई’, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन प्रयोगशाळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना तपासण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे, त्यांत तिचे नाव आहे. ब्रेकची चाचणी हा त्या तपासणीचा अटळ भाग.

१३/ दरम्यान लँचेस्टर यांची चकती परत आली होती. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. बंद ड्रममध्ये कोंडणारी उष्णता उघड्या चकतीवरून सहज निघून जाते, हे जगाला दिसले. पण चकती परतली ती जुना दोष घेऊनच. ड्रम आवाज काहीसा पोटात ठेवतो, चकती तो चव्हाट्यावर मांडते. अ‍ॅस्बेस्टॉस जाऊन पॅडमध्ये धातूचा चुरा वाढला, तसा आवाजही वाढला.

१४/ आणि मग इतिहासाने गमतीदार वळण घेतले. ज्या आवाजाशी अभियंते अर्धशतक झगडले, तोच त्यांनी हेतुपुरस्सर परत आणला! अनेक पॅडना पोलादाची छोटी पट्टी बसवलेली असते. पॅड धोक्याच्या पातळीपर्यंत झिजला की ही पट्टी चकतीला टेकते आणि चिरकू लागते. लँचेस्टर यांना छळणारी धातूवरची धातूची किंकाळी आता चालकाला सावध करते.

१५/ म्हणूनच ब्रेकचा आवाज बंद करण्याआधी तो वाचावा.
▪️ सकाळी किंवा गाडी धुतल्यावर पहिले दोन-चार ब्रेक करकरतात, मग शांत : दवाने चकतीवर धरलेला पातळ गंज. काळजी नको.
▪️ चालताना सतत बारीक चिरका सूर, ब्रेक दाबताच बदलतो : बहुधा इशारापट्टी. पॅड संपत आले.
▪️ खरखर, पायाला दणके : धातूवर धातू. गाडी पुढे नेऊ नये.
▪️ एकच चाक तापते, गाडी एका अंगाला ओढते : कॅलिपर किंवा त्याची पिन अडकली.

१६/ नगर जिल्ह्यात आणखी एक कारण हटकून आढळते : धूळ. पर्जन्यछायेतला हा प्रदेश, वर्षातले बरेच महिने कोरडे. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये बारीक माती आणि लायनरची भुकटी साचते. घाट उतरताना सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकमुळे लायनर तापून काचेसारखा गुळगुळीत होतो. मग पकड कमी आणि किंकाळी जास्त. कामरगावचा किंवा करंजीचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, हा जुन्या चालकांचा उपदेश याच भौतिकशास्त्रातून येतो.

१७/ उपाय काय? चांगला मिस्त्री क्रमाने जातो. चाक उतरवून पॅडची जाडी पाहतो. सुमारे ३ मिलिमीटर उरली असेल तर नवे पॅड, आणि तेही एका धुऱ्याच्या दोन्ही चाकांना. गुळगुळीत लायनर पॉलिश पेपरने खरबरीत करतो. चकतीवर किंवा ड्रममध्ये खाचा असतील तर लेथवर घेतो, जाडी मर्यादेखाली गेली असेल तर बदलतो. पॅडमागची पातळ पत्री आणि क्लिपा जागच्या जागी बसवतो. या वस्तू पुष्कळदा ‘जास्तीच्या’ म्हणून फेकल्या जातात. वास्तविक थरथर गिळणे हेच त्यांचे काम.

१८/ ग्रीस लावायचे ते उष्णता सोसणारे, आणि फक्त पॅडच्या पाठीला व सरकत्या पिनांना. घासणाऱ्या पृष्ठभागावर तेलाचा थेंबही पडता कामा नये. आवाज थांबावा म्हणून तिथे तेल सोडणारे महाभाग आजही भेटतात. आवाज थांबतो, आणि नंतर गाडी थांबत नाही. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत आठ-दहा वेळा, मध्ये थोडी उसंत देत, बेताने ब्रेक लावावा. त्याने पॅड आणि चकती एकमेकांना सरावतात.

१९/ आता तो राखून ठेवलेला मुद्दा. ड्रम उघडला की आत काळी-करडी भुकटी असते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ती तोंडाने फुंकून वा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची रीत आहे, आणि हे काम बहुधा सर्वांत लहान वयाच्या मदतनिसाकडे असते. जुन्या गाडीतल्या किंवा ठावठिकाणा नसलेल्या स्वस्त लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, मास्क लावावा, हवा मारू नये. खर्च जवळजवळ शून्य. केर्शॉ यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होऊन गेल्यावर एवढे तरी आपण शिकायला हवे.

२०/ सारांश. १९०२ मध्ये ब्रेक किंचाळला, कारण पदार्थ चुकीचा होता. १९०७ नंतर तो गप्प झाला, कारण किंकाळीची जागा कोणाच्या तरी खोकल्याने घेतली. आज तो पुन्हा बोलतो, कारण आपण त्याला बोलायला शिकवले आहे. यंत्राचा आवाज दाबणे सोपे असते. पण तो का आला आणि पूर्वी गप्प करताना किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. पुढच्या वेळी चाक करकरले की गाणे मोठे करू नका. काच खाली घ्या आणि ऐका.