थेंबाचे ऋण

आमचे अण्णा नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेली काचबिंदूची औषधे वर्षभर नेमाने घालीत. एके दिवशी ‘दिसण्यात तर काही फरक नाही’ म्हणून त्यांनी बाटली फळीवर ठेवली, ती कायमची. आम्हीही गप्प बसलो. काचबिंदू बहुधा दुखत नाही. कडेची नजर चोरून नेतो आणि नेलेली परत देत नाही, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

या रोगावर 1857 साली बर्लिनच्या ग्रेफे यांनी शस्त्रक्रिया सांगितली. 1876-77 च्या सुमारास आफ्रिकेतील कालाबार बियांचे व ब्राझीलच्या जाबोरांडी पानांचे सत्त्व थेंबाथेंबाने डोळ्यांत पडू लागले. 1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली. साऱ्यांचे काम एकच, डोळ्यातील पाण्याचा दाब उतरवणे.

पण दाब उतरवून साधावयाचे काय? 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना हे चटकन उमगेल. नळाला जोर नसला की शेवटचे घर कोरडे राहते. दृष्टीची नस हे तसले शेवटचे घर. रक्ताच्या दाबातून डोळ्यातला दाब वजा जाता जो जोर उरतो, त्यावर तिचे पोषण चालते. थेंबाने ही वजाबाकी लहान होते. मात्र टिमोलॉलसारखे औषध नाकावाटे रक्तात उतरून काहींची नाडी व रक्तदाबही घटवते. मग एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. लोणच्यात पडणाऱ्या माईनमुळापासून मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात 1970 नंतरच्या दशकात फोर्स्कोलिन वेगळे काढण्यात आले. 1983-84 मध्ये अमेरिकेत कॅप्रिओली व सीअर्स यांनी त्याचे थेंब वापरून पाहिले. ससे, माकडे व माणसे यांच्या डोळ्यांचा दाब उतरला. सशांत तर डोळ्यातील पाणी स्रवणाऱ्या भागाचा रक्तप्रवाहही वाढला. परंतु तो भाग वेगळा आणि नस वेगळी. तेवढ्यावरून नस वाचली असे म्हणता येत नाही.

अण्णा पुढे अंगणातील तुळशीला हाताने चाचपीत पाणी घालीत. थेंब गेलेली नजर आणीत नाही, उरलेली राखतो. एवढे एक वाक्य कोणी त्यांना वेळेवर सांगावयास हवे होते. मी शिक्षक, ते मीच सांगावयास हवे होते.