चार नंबरला बातम्या

परवा गच्चीवर वाळवणाची दोरी बांधत होते. नातू मदतीला होता. पाण्याच्या टाकीच्या भिंतीत बसवलेले दोन गंजके क्लॅम्प पाहून त्यानं विचारलं, "आजी, हे कशाचे?"

"अँटेनाचे."

"म्हणजे डिशचे?"

"नव्हे रे बाबा, अँटेनाचे!" आणि मग त्याला अँटेना समजावता समजावता माझा चांगला अर्धा तास गेला. शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण कुणी प्रश्न विचारला की अजून राहवत नाही. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, आणि जे त्याला सांगितलं नाही तेही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला वेगळं केंद्र नव्हतं. १९७३ साली सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचेच कार्यक्रम तिथून पुण्याच्या परिसरात दिसू लागले. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. त्यामुळे उंच जागेला पर्याय नव्हता. ज्या गडावरून एके काळी मुलुखावर नजर ठेवत, त्याच गडाकडे आता सगळा मुलूख नजर लावून बसला!

आम्ही १९७६ साली चिंचवडला आलो. ह्यांची नोकरी कारखान्यात, माझी शाळेत. तिथून सिंहगड सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, जवळजवळ बरोबर दक्षिणेला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, कुठेही गच्चीवर चढून पाहिलं तरी सगळ्या अँटेनांचं तोंड एकाच दिशेला. नवखा पाहुणा दिशा चुकला तर आम्ही सांगायचो, "अँटेनाकडे बघा, ती दाखवते ती दक्षिण!"

प्राधिकरणातलं घर १९८४ साली बांधून झालं आणि त्याच वर्षी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्येच सुरू झालं होतं, पण रंग परवडणारे नव्हते. टीव्ही पाहायला तेव्हा लायसन्स लागे, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. १९८५ साली ते बंद झालं, म्हणजे आम्ही ते एकदाच भरलं.

अँटेना लावणं हा तिघांचा उद्योग. हे गच्चीवर पाइप धरून. मी मधल्या जिन्यात, निरोप्या. आणि खाली टीव्हीसमोर सासूबाई. चार इयत्ता शिकलेल्या, पण त्या कामात त्यांचा शब्द अखेरचा. "आलं... आलं... गेलं! जरा मागं घ्या म्हणावं... आलं! आता हात नका लावू." पाइप बोटभर फिरला तरी चित्र बदलायचं. कधी पडद्यावर मुंग्या यायच्या. कधी प्रत्येक माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उभी राहायची, कारण सिंहगडाहून सरळ आलेली लहर आणि कुठल्या तरी पत्र्याच्या शेडवर आपटून उशिरा पोचलेली लहर अशा दोन्ही अँटेनात शिरत. आमच्या कारखान्यांच्या गावात शेडना काय तोटा! रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग. पण दिसायचं. प्रदीप भिडे बातम्या देताहेत एवढं आवाजावरून आणि मुंग्यांमधल्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं.

आमचं मूळ गाव मोशीचा पूल ओलांडून इंद्रायणीपलीकडे, चाकणच्या अंगाला. तिथून सिंहगड चाळीस किलोमीटरच्या वर. धाकट्या दिरांनी दुप्पट उंच पाइप आणि बूस्टर लावला तेव्हा कुठे तिथे मुंग्यांआड रामायण दिसलं. ते १९८७ साल.

पुढे १९९२ नंतर केबल आली. आमच्या भागातला केबलवाला माझ्याच वर्गात बसलेला. गणितात कच्चा, पण हात चलाख. त्यानं घरोघर काळी वायर नेली आणि अँटेना भंगारात गेली. आमचीही मी किलोवर विकली, क्लॅम्प तेवढे भिंतीत राहिले. १९९५ च्या केबल कायद्यानुसार दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्यांना बंधनकारक होतं. आमच्या टीव्हीवर सह्याद्री वाहिनी चार नंबरला यायची. सासूबाईंना आकडे चांगले येत, पण रिमोटवर त्यांना एकच आकडा हवा असे. चार दाबला की संध्याकाळच्या बातम्या. वीस वर्षं त्यांचा दिवस त्या बटणाशी मावळला.

आता डिजिटलकडे येते. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशभर टप्प्याटप्प्यानं अ‍ॅनलॉग केबल बंद करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं, ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवर वस्तीची ३८ शहरं, ३१ मार्च २०१३. त्यात पुणे होतं आणि पिंपरी-चिंचवडही होतं. तिसऱ्यात उरलेली शहरं, चौथ्यात गावं. कारणं दोन. जुन्या केबलमधून शंभराच्या आसपासच वाहिन्या नेता येत. डिजिटलमध्ये एका वाहिनीच्या जागेत दहाएक बसतात. आणि दुसरं म्हणजे हिशेब. कुणाच्या वायरवर किती घरं आहेत ते केबलवालाच सांगणार, आणि तो कमी सांगतो अशी वाहिन्यांची आणि सरकारचीही तक्रार. प्रत्येक घरात पेटी बसली की घरं मोजली जाणार.

मार्चमध्ये माझा विद्यार्थी पेटी घेऊन आला. "बाई, ३१ च्या आत बसवायलाच हवी. आणि ३ एप्रिलला आयपीएल सुरू होतंय!" त्याचा चेहरा उतरलेला होता. आतापर्यंत तो मालक होता, आता मोठ्या कंपनीचा वसुलीदार होणार होता.

खोटं कशाला सांगू, चित्र सुरेख आलं. ह्यांचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. हे म्हणाले, "दुसऱ्यांदा ऑपरेशन झाल्यासारखं वाटतंय."

ह्यातली गंमत मी नातवाला परीक्षेच्या भाषेत सांगितली. अ‍ॅनलॉग म्हणजे उत्तरपत्रिकेतलं वाईट अक्षर. जितका सिग्नल क्षीण, तितकं अक्षर किरटं, पण डोळे ताणून अर्थ लावता येतो. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात, शून्य आणि एक. वाटेत काही आकडे गळले तर ते भरून काढायला सोबत जादा आकडे पाठवलेले असतात, म्हणून बऱ्यापैकी सिग्नलवरही चित्र लख्ख. पण एका मर्यादेखाली सिग्नल गेला की ती दुरुस्ती कोलमडते. चित्राचे चौकोन होतात, आणि मग काहीच नाही. पस्तीस मिळाले तर पास, चौतीसला नापास. ग्रेस मार्क नाहीत.

हे मला विजेच्या बाबतीत लगेच कळलं. माणसांच्या बाबतीत कळायला सहा महिने लागले.

पेटी आल्यावर रिमोट दोन झाले. टीव्हीचा वेगळा, पेटीचा वेगळा. सह्याद्री तीन आकडी नंबरावर गेली. सासूबाई सवयीनं टीव्हीच्या रिमोटवर चार दाबायच्या. पडदा निळा व्हायचा, वर इंग्रजी अक्षरं, नो सिग्नल. पूर्वी चित्र बिघडलं तर त्यांना कळायचं की वारा आहे, पाइप हलला आहे. त्यावर त्या काही सांगू शकायच्या. निळ्या पडद्यापुढे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "गेलं," एवढं म्हणून त्या बसून राहायच्या. मी स्वयंपाकघरातून येऊन लावून द्यायची, आणि दर वेळी म्हणायची, "आई, किती वेळा सांगितलं, तो नाही, हा!" मग त्यांनी हाक मारणंच सोडलं. पंच्याऐंशी वय. मला वाटलं, टीव्हीतलं मन उडालं असेल.

श्रावणात म्हणाल्या, "मला गावी सोडा." सोडलं. दिवाळीला आणायला गेले तर धाकटी जाऊ हसत म्हणाली, "वहिनी, ह्यांचं काही माझ्यावाचून अडत नाही हो. म्हणतात, इथं अजून चार नंबरला बातम्या लागतात."

मी पाहतच राहिले. महापालिकेची हद्द मोशीपर्यंत, मोशी १९९७ सालीच आत आलेली. नदीच्या अलीकडे दुसरा टप्पा, पलीकडे चौथा. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनच्या गाड्या तयार होत होत्या, पण शेजारच्या आमच्या गावात केबल अजून जुनीच होती. तिथली मुदत पुढे जात जात ३१ मार्च २०१७ वर गेली. आणि माझी सासू त्या नदीपलीकडे गेली होती ती शेतासाठी नव्हे, नातवंडांसाठीही नव्हे. जिथे आपलं आपल्याला टीव्ही लावता येतो तिथे ती गेली होती.

माझी भाची लंडनला असते. तिकडे अ‍ॅनलॉग बंद करण्याचं काम ऑक्टोबर २०१२ मध्ये पुरं झालं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांसाठी आणि अपंगांसाठी तिथे खास योजना होती. घरी माणूस यायचा, पेटी जोडून, वापरायची कशी ते दाखवून जायचा, आणि पुढे वर्षभर अडलं तर मदत मिळायची. अमेरिकेनं २००९ साली बंद करताना घरटी चाळीस डॉलरची दोन कूपनं दिली. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी आधी आपल्याकडच्या कारभाराला नावं ठेवली. मग गप्प झाले. सरकारनं माणूस पाठवला नसेल, पण आमच्या घरात एक निवृत्त शिक्षिका होतीच की! साठ-साठ मुलांच्या वर्गाला धीरानं अक्षरं गिरवायला लावणारी.

सासूबाईंना घरी आणलं. टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवला. पेटीच्या रिमोटवर तीन बटणांवर टिकल्या चिकटवल्या. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. "एक, दोन, तीन, ह्याच क्रमानं दाबायचं. चुकलं तर थोडं थांबायचं आणि पुन्हा एकपासून." रोज संध्याकाळी शेजारी बसले, पण हात लावला नाही. चार दिवस चुकल्या. पाचव्या दिवशी मी आत कणीक मळत होते आणि बाहेरून आवाज आला.

"आलं गं!"

थेट १९८४ सालचा आवाज. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी पिठाच्या हातानं दारात उभी.

त्या २०१५ साली गेल्या. गावची अ‍ॅनलॉग केबल त्यांच्यानंतर बंद झाली. दरम्यान एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, तीही उशिराच. २०१३ चा नियम केबलला होता. अँटेनावरून येणाऱ्या दूरदर्शनला तो लागूच नव्हता. प्रसार भारतीनं २०२१ साली जाहीर केलं, की मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून देशातली बाकीची अ‍ॅनलॉग प्रक्षेपण केंद्रं ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. म्हणजे २०१३ साली आमची अँटेना जागेवर असती, तर मुंग्यांसकट का होईना, कदाचित भागलं असतं. किलोवर विकलेल्या वस्तूची किंमत अशी नंतर कळते.

असो. आता टीव्हीला वायर नाही, पेटी नाही, सगळं इंटरनेटवरून. रिमोटवर आकडेच नाहीत. नातू म्हणतो, "आजी, नुसतं बोल, लागेल." मी बोलते ते त्याला कळत नाही, माझं मराठी फार शुद्ध असावं! मग नातू येऊन लावून देतो. परवा क्लॅम्पची गोष्ट ऐकून झाल्यावर मी त्याला म्हटलं, लावून देऊ नकोस, शेजारी बस.

क्लॅम्प मी काढू दिले नाहीत. वाळवणाची दोरी बांधायला बरे पडतात.

तुमच्या घरी गच्चीवर कोण चढायचं आणि खाली "आलं" कोण म्हणायचं, जरूर कळवा.