निर्मात्याची उमेदवारी

सन १९१२ मध्ये मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि विलायतेहून आणलेला कॅमेरा त्या कुंडीसमोर मांडला. दाणा रुजला, कोंब वर आला, त्याचा वेल झाला, आणि तोवर फाळके रोज नेमाने थोडेथोडे चित्रण करीत राहिले. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर पाहता पाहता घडून गेली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र तिकीट लावून दाखविण्यासाठी केलेलेच नव्हते. ज्यांच्याकडून कर्ज मिळण्याची आशा होती अशा मोजक्या मंडळींना घरी बोलावून ते दाखविण्यात आले आणि त्यामुळे कर्जाची वाट मोकळी झाली.

आज स्वतंत्रपणे चित्रपट काढू पाहणारा एखादा तरुण निर्माता देशातल्या किंवा परदेशातल्या प्रशिक्षणवर्गासाठी, अथवा ज्याला फेलोशिप म्हणतात त्या पाठ्यवृत्तीसाठी अर्ज भरावयास बसतो, तेव्हा त्या अर्जात ‘पूर्वीच्या कामाचा नमुना’ असा एक रकाना असतो. आपल्याकडे तो रकाना प्रथम फाळक्यांनी भरला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो वाचावयास तेव्हा कोणतीही संस्था नव्हती, सावकार होते.

फाळक्यांची उमेदवारी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणादी कला शिकल्या, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा करून पाहिला, पुढे छपाईच्या व्यवसायात हात घातला. १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि असाच श्रीकृष्ण पडद्यावर यावा हा ध्यास घेतला. वयाची चाळिशी उलटली होती. आयुर्विम्याचे कागद तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नये असेच सांगितले. पण माणूस हटत नाही असे पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या कलागृहात फाळक्यांना थोडे दिवस सर्व विभाग पाहावयास मिळाले. एवढेच त्यांचे शिक्षण. परत आल्यावर सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन चित्रगृहात लागला.

दिग्दर्शक आणि निर्माता या दोन्ही भूमिका फाळके स्वतःच करीत होते. त्यामुळे निर्मात्याचे म्हणून काही वेगळे काम असते, आणि ते शिकावे लागते, ही गोष्ट बराच काळ कोणाच्या ध्यानात आली नाही. १९१८ मध्ये नाशिकला भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली, तेव्हा मात्र ती ध्यानात यावयास हवी होती. भागीदारांना हिशेब हवे होते, फाळक्यांना मनासारखे चित्र हवे होते. मतभेद विकोपास गेले, फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले आणि दोन-अडीच वर्षांनी परतले. या भांडणात एका पक्षाला खलनायक ठरविण्याची आपल्याकडे सवय आहे. पण कलावंताची भाषा पैसेवाल्याला आणि पैसेवाल्याची भाषा कलावंताला समजावून सांगणारा तिसरा माणूस तेथे नव्हता, ही उणीव अधिक खरी. तो तिसरा माणूस म्हणजेच आजच्या अर्थाने निर्माता.

पुढे चित्रसंस्थांचा काळ आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांच्याबरोबर सीतारामपंत कुलकर्णी हे व्यवहार जाणणारे सराफ भागीदार होते. अशा कंपन्यांत निर्मितीचे शिक्षण आपोआप घडे. नट, सुतार, शिंपी, रसायनशाळा, सर्व एका आवारात आणि सर्वांना मासिक पगार; तेथे दहा वर्षे वावरलेल्या माणसाला चित्रपटाचा खर्च कोठे कोठे झिरपतो हे वेगळे शिकवावे लागत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही घडी विसकटली. युद्धात मिळविलेला पैसा घेऊन नवखे लोक या धंद्यात आले, नटनट्यांचे मोल वाढले, आणि एक चित्र काढून नाहीशा होणाऱ्या निर्मात्यांची रांग लागली. कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर ती न सांगता चालणारी शाळाही बुडाली.

भारत सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्या सदस्यांत व्ही. शांताराम होते. १९५१च्या अहवालात समितीने चित्रपटासाठी कर्ज देणारे महामंडळ आणि शिक्षण देणारी संस्था, अशा दोन्हींची शिफारस केली. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात यावयास १९६० साल उजाडले. पुण्यात प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनही निघाले.

मधल्या नऊ वर्षांतच सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ तयार झाला, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. रेखाटनांची वही घेऊन ते कलकत्त्यातील निर्मात्यांचे उंबरठे झिजवीत होते. कोणी पैसे दिले नाहीत, तेव्हा त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि पत्नीचे दागिने गहाण टाकले. फाळक्यांनंतर चाळीस वर्षांनी पुन्हा विमा आणि दागिनेच! शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, तेही, चित्राच्या नावात ‘पथ’ असल्यामुळे, रस्तेसुधारणेच्या खाती मांडले गेले अशी कथा सांगतात.

नवी संस्था निघाली, पण तिने दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिलेखन आणि संकलन शिकविले. निर्मिती हा विषय घेतला नाही. कर्जमंडळाने पैसे दिले, पण निर्माता घडविणे हे आपले काम मानले नाही. १९६९च्या ‘भुवन शोम’सारखी चित्रे त्याच्या कर्जातून आली आणि त्यांचे नाव झाले. मात्र चित्र पुरे झाल्यावर ते चित्रगृहापर्यंत न्यावे कसे, हा प्रश्न अनेकांच्या बाबतीत अनुत्तरितच राहिला. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने कर्जवसुलीवरून महामंडळाला दोष दिला. दोष सर्वस्वी अन्यायाचा नव्हता. पण दिग्दर्शकाच्या हाती पैसे ठेवून त्याच्याकडूनच वितरकाचे काम अपेक्षिणाऱ्या पद्धतीला तो लागावयास हवा होता. १९८० मध्ये हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मिती हा स्वतंत्र अभ्यासक्रम झाला, तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

याच सुमारास बाहेर वेगळे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेत नट रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९८१ मध्ये यूटा राज्यातील डोंगरात दहा नवोदितांना बोलावले आणि मुरलेल्या लेखक-दिग्दर्शकांच्या सहवासात त्यांची अपुरी चित्रे घासूनपुसून घेतली. सनडान्स संस्थेचा हा आरंभ. ग्वाटेमालातून निघालेल्या भावाबहिणीची कथा सांगणारा ‘एल नॉर्ते’ हा १९८३चा चित्रपट पहिल्याच वर्गातून गेला होता. पुढे तेथे निर्मात्यांसाठी स्वतंत्र वर्ग आणि पाठ्यवृत्ती आल्या. युरोपात १९८८ मध्ये इएव्हीइ ही संस्था निघाली; तिच्या वर्गात निर्माता आपला प्रत्यक्ष हातातला प्रकल्प घेऊन येतो आणि वर्षातून तीनदा एकेक आठवडा त्यावर इतरांसह काम करतो. हॉलंडमधील रॉटरडॅम महोत्सवाचे संस्थापक ह्यूबर्ट बाल्स त्याच वर्षी वारले आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका येथील चित्रपटांसाठी त्यांच्या नावाने निधी निघाला. त्याच महोत्सवात २००१ पासून नव्या निर्मात्यांची ‘रॉटरडॅम लॅब’ भरू लागली. या सर्वांत पैसा असतोच असे नाही, आणि असला तरी थोडा. मिळतो तो वेळ, जाणत्यांची टीका आणि ओळख.

हे वारे आपल्या दाराशी आले ते पणजीत. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ मध्ये गोव्यास आला आणि २००७ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याच्या जोडीला ‘फिल्म बाजार’ भरविण्यास आरंभ केला. त्याच वर्षी महामंडळाचा पटकथालेखकांचा वर्गही सुरू झाला. डब्यांची अदलाबदल सांगणारा ‘द लंचबॉक्स’ या बाजारातून गेला आणि २०१३ मध्ये कॅन येथे दाखविला गेला. मांडवीच्या काठी नोव्हेंबरात जमणारी ही मंडळी पाहून हा निव्वळ खरेदी-विक्रीचा मेळा वाटतो. पण तेथे टेबलाच्या दोन बाजूंना वीस-पंचवीस मिनिटे बसून आपला प्रकल्प अनोळखी माणसास समजावणे, हीच निर्मात्याची अर्धी विद्या आहे.

आता अर्जाविषयी. अर्ज म्हणजे औपचारिकता, खरी पारख पुढे, ही समजूत चुकीची आहे. अर्ज हीच पहिली परीक्षा असते, आणि त्यात बहुतेक उमेदवार एकाच जागी घसरतात: निर्मात्याने लिहावयाचे निवेदन ते दिग्दर्शकाच्या सुरात लिहितात. बालपणीची नदी, आजीच्या गोष्टी, पडद्यावर उतरवावयाचा प्रकाश, हे सर्व दिग्दर्शकाच्या निवेदनात शोभते. निर्मात्याला विचारलेले असते ते निराळे. हीच कथा तुम्ही का निवडली? या दिग्दर्शकाशी तुमचा संबंध कधीपासून? चित्र कोण पाहील आणि त्याच्यापर्यंत ते कसे पोहोचेल? तुम्हाला काय येत नाही, जे येथे शिकावयाचे आहे? शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा विरळा. सर्व काही येते असे लिहिणाऱ्याला शिकवणीस का घ्यावे, हा निवडसमितीचा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

‘चित्र सर्वांसाठी आहे’ हे उत्तर तर कोणीच मानीत नाही. बेळगावच्या मराठी घरातील कथा असेल, तर ती प्रथम कोण पाहील, कोणत्या महोत्सवात तिला जागा आहे, कन्नड प्रेक्षक तिच्याकडे कसा पाहील, हे लिहावे. प्रेक्षक जितका नेमका, तितका पुढचा हिशेब खरा वाटतो.

हिशेबाचेही तसेच. अर्जात दोन तक्ते मागतात: खर्चाचा अंदाज आणि पैसा कोठून येणार याचा आराखडा. दोहोंची बेरीज जुळली पाहिजे, इतकी साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. शिवाय मिळालेला, कबूल झालेला आणि नुसता अपेक्षित, असा तिहेरी भेद स्पष्ट दाखवावा लागतो. एखाद्या श्रीमंत मामाने लग्नात ‘बघू’ म्हटले, तो पैसा तिसऱ्या रकान्यात जातो.

कथेचे हक्क हा मराठी निर्मात्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. आपल्याकडे चांगली चित्रे कादंबऱ्या, नाटके आणि कथांवरून पुष्कळ निघतात, आणि लेखकाशी घरोबा असला की कागद करण्याचा संकोच वाटतो. परदेशी संस्थेला घरोबा कळत नाही. तिला सही असलेला करार लागतो, त्यात मुदत आणि मोबदला लागतो. लेखक हयात नसेल तर सर्व वारसांची संमती लागते. हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होणारे नव्हे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. विवेक गोम्बर हे त्यांच्या नाटकात काम केलेले नट. त्यांनी ताम्हाण्यांना पटकथा लिहावयास स्वास्थ्य दिले आणि स्वतः निर्माते झाले. चित्रपटात आरोपीच्या वकिलाची भूमिकाही केली. पटकथा व प्रकल्पविकास यांसाठी ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य मिळाले. एका लोकशाहिरावरचा खटला, मुंबईच्या खालच्या न्यायालयातील कंटाळवाणे कामकाज, ओळखीचा तारा एकही नाही. असा विषय धंद्याच्या बाजारात कोणी घेतला नसता. २०१४ मध्ये व्हेनिस येथे त्याला दोन पारितोषिके मिळाली आणि त्याच वर्षासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही. पुढे ताम्हाणे रोलेक्सच्या गुरु-शिष्य योजनेत मेक्सिकोच्या आल्फोन्सो क्वारोन यांच्याजवळ राहिले आणि २०२०च्या ‘द डिसायपल’ला क्वारोन यांनी कार्यकारी निर्माता म्हणून आपले नाव दिले, निर्माते गोम्बरच राहिले.

यातून कोणी असा अर्थ काढील की पाठ्यवृत्ती मिळाली म्हणजे चित्र झाले. तसे नाही. निवडलेल्यांपैकी कित्येकांची चित्रे कधीच होत नाहीत, आणि न निवडलेल्यांची होतात. नकाराचे कारण बहुधा कळवीत नाहीत. अर्जदार मोठा असो वा नवखा, दोन ओळींचे पत्र येते. पण तोवर दीड पानी कथासार लिहून झालेले असते, अंदाजपत्रक जुळलेले असते, लेखकाच्या वारसांची सही हाती आलेली असते, आणि शिफारसपत्रासाठी का होईना, दोन जाणत्या माणसांनी पटकथा वाचलेली असते. दुसऱ्या संस्थेची मुदत साधारण दोन-तीन महिन्यांच्या अंतराने येते. तेच कागद, नवी तारीख घालून आणि पहिल्या वेळी अडलेली वाक्ये नीट करून, तिकडे पाठविता येतात.