रकमेखालची ओळ

गेल्या श्रावणांत आमच्या एका जुन्या स्नेह्यास कांहीं रक्कम पाठविण्याचा प्रसंग आला. स्नेही मराठवाड्यांत, आम्ही पुण्यांत; पूर्वीं अशा कामास चार-आठ दिवस लागत, २०१६ सालीं यू.पी.आय. आल्यापासून तें हातांतल्या फोनवर अर्ध्या मिनिटांत होतें. आम्हांस पाऊण तास लागला. नांव आलें, रक्कम आली, आणि तिच्याखालीं एक रिकामी चौकट येऊन उभी राहिली : हे पैसे कशाबद्दल? गृहस्थांच्या घरीं आजारपण होतें. त्यांनीं तोंडानें कांहीं मागितलें नव्हतें. आम्हांस दुसऱ्याकडून कळलें होतें. ‘उसने’ लिहावें तर परतफेडीचा तगादा त्या शब्दांतच बसलेला. ‘मदत’ लिहावें तर वसतिगृहांत एका ताटांत जेवलेल्या माणसास आम्हीं याचक ठरविल्यासारखें होणार. आणि हीं अक्षरें बँकेच्या हिशेबांत उमटून त्यांच्या मुलांच्याही दृष्टीस पडावयाचीं. अशा अडचणींत इतिहासाच्या मास्तरांचें मन मागें धांवतें, तसें आमचेंही धांवलें.

पेशवाईंत पुण्याहून काशीस किंवा दिल्लीस पैसा पाठवावयाचा तर तो बहुधा हुंडीनें. रोकड बरोबर नेणें धोक्याचें. म्हणून येथल्या पेढीवर ती भरावी, पेढीनें तेथल्या आपल्या आडतीवर कागद द्यावा, आणि तो दाखवून तेथें पैसे घ्यावे. या कागदाची लेखनपद्धति पाहण्यासारखी आहे. रक्कम आंकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन तिची निमी रक्कम लिहून तिची दुप्पट द्यावी असेंही बजावीत. शंभरांचे हजार करूं पाहणाऱ्या लबाडास तीन ठिकाणीं हात मारावा लागे! रक्कम कोणीं ठेविली, कोणास द्यावयाची, मिति कोणती, चलन कोणतें, हें सर्व त्यांत येई. दर्शनी हुंडी दाखवितांच पटावयाची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारांतल्या पतदार सावकारामार्फतच हातीं यावयाचे. मूळ कागद गहाळ झाल्यास पैठ, तीही गहाळ झाल्यास परपैठ. ही व्यवस्था इतकी मुरलेली होती कीं, १८८१ सालीं इंग्रज सरकारनें हुंड्या-चेकांचा कायदा केला तेव्हां देशी भाषांतल्या कागदांच्या स्थानिक रूढी त्याच्या पहिल्याच कलमांत राखून ठेविल्या.

परंतु एवढ्या बारकाईच्या कागदांत एक गोष्ट सहसा नसे, ती ही कीं पैसे कशाबद्दल. सावकारास त्याच्याशीं कर्तव्य नव्हतें. तो मजकूर ज्याचा त्यानें आपल्या पत्रांत लिहावा. जवाबी हुंडी मात्र याला अपवाद. तींत पाठविणारा घेणारास पत्र लिहून तें पेढीच्या हवालीं करी, पेढी आपल्या आडत्यास त्याप्रमाणें पैसे देण्यास कळवी, आणि रक्कम पोंचल्यावर घेणाराचा जबाब उलट येई. पैसा आणि शब्द येथें एकाच वाटेनें चालत.

पैशाच्या शब्दांनीं भलतेंच कांहीं सांगण्याची सोयही याच पेढ्यांपाशीं होती. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळीं उत्तरेकडे निघाले होते, आणि त्यांस पहिली वार्ता मिळाली ती सरदाराच्या पत्रानें नव्हे, तर सावकारांच्या कासिदाजवळ सांपडलेल्या चिठीनें. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत हा प्रसंग दिला आहे. चिठी वरकरणीं हिशेबाची : दोन मोत्यें नाहींशीं झालीं, सत्तावीस मोहरा गेल्या, रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाहीं, अशा आशयाची. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हें पेशव्यांस कोणीं उलगडून सांगावें लागलें नाहीं. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. आम्ही विद्यार्थ्यांस हा प्रसंग कित्येक वर्षे शिकवीत आलों. त्या चिठीच्या लेखकानेंही लेखणी हातांत धरून, कोणास मोतीं म्हणावें आणि कोणास मोहर, याचा विचार केला असेल, हें मात्र त्या रिकाम्या चौकटीपुढें बसेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

देणें-घेणें आणि स्नेह यांची गांठ पडली कीं काय होतें, याचें उदाहरण त्याहून जुनें आहे. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे थोरल्या बाजीरावांचे गुरु आणि सावकारही. कर्जाची आठवण त्यांच्याकडून होई. आणि बाजीरावांनीं स्वामींस लिहिलेल्या पत्रांत, सावकारांच्या पायांवर डोकें ठेवून ठेवून कपाळाचें कातडें झिजल्याचें गाऱ्हाणें आहे. आशीर्वाद आणि तगादा एकाच खलित्यांत! आम्हांस त्या पत्रव्यवहारांत स्वामींपेक्षां बाजीरावांचीच कींव अधिक येते. इतर वाचकांचें मत निराळें असूं शकेल.

१८८० सालीं डाकखात्यानें मनिऑर्डर हातीं घेतली आणि गरिबासही हुंडीची सोय झाली. फॉर्माच्या तळाशीं एक कुपन असे. तें घेणारानें फाडून ठेवावयाचें. रत्नागिरीकडचा गिरणीकामगार मुंबईहून दरमहा घरीं पैसे धाडी, आणि त्या दोन बोटें जागेंत त्याचा सारा संसार मावे. घरीं वाचणारें कोणी नसलें म्हणजे पोस्टमनच तें कुपन अंगणांत उभा राहून वाची. ऐकणारांत शेजारीही असत. त्यामुळें मजकूर ठरीव होत गेला : खुशाली, देवाच्या उत्सवाची चौकशी, पैसे पोंचल्याचें कळवावें. बायकोविषयींची काळजी आईच्या नांवानें विचारावयाची. पुण्यांत शिकणाऱ्या मुलांस घरून येणाऱ्या कुपनांवरही असेच दोन शब्द असत. ‘जपून खर्च करणें’ हे त्यांपैकीं बहुतेक. कागदी मनिऑर्डर आतां मागें पडली.

आमच्या लोकांत न लिहितां सांगण्याचीही एक रीत आहे. पांचशें म्हणजे देणें, पांचशें एक म्हणजे आहेर. तो एक रुपयाच बोलतो. आम्हीं तीच युक्ति योजिली आणि रकमेवर एक रुपया चढविला. घरांतून लगेच हरकत आली : ‘आजारपणांत का एक वाढवितात? तें लग्नामुंजींत.’ हरकत खरी होती. रुपया काढून घेतला.

तेव्हां आठवलें. १९८९ सालीं सदाशिव पेठेंतल्या खानावळीचे आमचे एका महिन्याचे पैसे थकले होते, आणि मालकानें दुसऱ्या दिवसापासून पान न मांडण्याची ताकीद दिली होती. ते पैसे आमच्या नकळत या स्नेह्यांनींच भरले, आणि पुढें कधीं परत घेतले नाहींत. आम्हीं चौकटींत लिहिलें : ‘खानावळीची बाकी.’

सायंकाळीं त्यांचा फोन आला. ‘व्याज फार धरलेंस रे,’ एवढेंच म्हणाले, आणि मग घरच्या आजारपणाविषयीं प्रथमच आपण होऊन सांगूं लागले.