सापाचं वेटोळं

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात जन्मला, तोही जहाजांच्या लॉगबुकांच्या ढिगाऱ्यातून. हेन्री पिडिंग्टन हा मुळात जहाजाचा कप्तान; समुद्र सोडल्यावर तिथेच स्थिरावला. वादळातून तगून आलेल्या जहाजांची लॉगबुकं मिळवायची आणि ताडून बघायची, हा त्याचा नाद. 1839 पासून त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वादळांवर वीसहून अधिक निबंध लिहिले. त्यांत तो लॉगबुकांतले उतारेही छापायचा, म्हणजे त्याचा निष्कर्ष पटला नाही तर वाचणाऱ्याने स्वतः हिशेब मांडून बघावा.

काम किचकट होतं. जुन्या लॉगबुकात दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. बारा तारखेच्या पानावरचा दुपारी चारचा वारा जमिनीवरच्या पंचांगाप्रमाणे अकरा तारखेचा! हे सगळं एका घड्याळावर आणल्याशिवाय दहा जहाजांच्या दहा नोंदी एका नकाशावर बसणार कशा? संशोधनाची निम्मी मेहनत या असल्या कारकुनीतच जाते, आणि तिचं कौतुक कोणी करत नाही.

त्याला खरं घबाड सापडलं ते 'चार्ल्स हेडल' या जहाजाच्या लॉगबुकात. फेब्रुवारी 1845 मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडलं आणि वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटलं. पाच दिवस पळालं. पण वाऱ्याच्या नोंदी मांडल्या तर दिशा पुन्हापुन्हा सगळं होकायंत्र फिरून येत होती. जहाज वादळाच्या केंद्राभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं.

1848 मध्ये पिडिंग्टनने खलाशांसाठी पुस्तक काढलं. सोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या, त्यांवर वाऱ्याचे बाण. चकती नकाशावर ठेवायची आणि केंद्र कुठे आहे ते ताडायचं. याच पुस्तकात त्याने ग्रीकवरून 'सायक्लोन' हा शब्द घडवला. त्यात त्याला सापाचं वेटोळं अभिप्रेत होतं. वारा गोल फिरतो एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते वर्तुळ अचूक आहे, असा दावा नको होता. कारण लॉगबुकांनी तेवढी साक्ष दिली नव्हती.

आपलं 'चक्रीवादळ' याच्याच भाऊबंदांतलं. ग्रीक 'किक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' हे भाषाशास्त्राच्या हिशेबी सख्खे चुलतभाऊ. फक्त आपल्याकडे येताना साप निसटला आणि चाक तेवढं राहिलं. मला विचाराल तर वेटोळंच बरं होतं.