ऑडिशनमध्ये नापास झालेला आवाज घराघरांत कसा पोचला? गोष्ट अमीन सयानींची

मिमिक्री करणाऱ्या कुणालाही सांगा, जुन्या रेडिओचा आवाज काढून दाखव. तो बहुतेक वेळा एकच हाक मारेल, 'बहनों और भाइयों'. ज्यांनी आयुष्यात कधी रेडिओचं बटण फिरवलेलं नाही, त्यांनाही ही हाक ओळखीची वाटते. ती मारणारे अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत गेले. वय ९१.

त्यांची ओळख सगळीकडे 'बिनाका गीतमाला'चे निवेदक अशीच दिली जाते. पण गीतमाला हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. जाहिराती, प्रश्नमंजुषा, स्टार लोकांच्या मुलाखती, परदेशी केंद्रांसाठीचे कार्यक्रम, एड्सवरची मालिका आणि सिनेमातल्या छोट्या भूमिका, असं सगळं त्यांनी केलं. आणि गंमत म्हणजे या माणसाला आकाशवाणीने हिंदी निवेदक म्हणून नाकारलं होतं.

मग हे सगळं जमलं कसं?

भाषा शिकवली आईच्या पाक्षिकाने

अमीन सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२चा, मुंबईतला. वडील डॉक्टर. आई कुलसुम सयानी स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि प्रौढ साक्षरतेच्या कामातलं मोठं नाव. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी १९४० मध्ये 'रहबर' नावाचं पाक्षिक सुरू केलं. नुकतंच वाचायला शिकलेल्या लोकांसाठी ते निघायचं. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी. पण छापलं जायचं तीन लिप्यांमध्ये, म्हणजे नागरी, उर्दू आणि गुजरातीत. १९६०पर्यंत ते चाललं.

लहानगा अमीन या कामात आईला मदत करायचा. नवसाक्षर माणसाला कळेल असंच वाक्य लिहायचं, जड संस्कृत शब्द नको आणि जड फारसीही नको, हे त्याच्या अंगवळणी पडलं ते इथेच.

रेडिओवर त्याला नेलं मोठ्या भावाने. हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातलं गाजलेलं नाव. त्यांच्यामुळे अमीन शाळकरी वयातच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागला. पुढे काही काळ ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण झालं.

नकार आणि ओव्हल्टिनचा डबा

कॉलेजच्या दिवसांत सयानींनी आकाशवाणीत हिंदी निवेदकासाठी ऑडिशन दिली. उत्तर आलं की वाचन चांगलं आहे, पण उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे. हा किस्सा त्यांनी स्वतःच अनेक मुलाखतींत सांगितला आहे.

त्याच सुमारास सेंट झेवियर्सच्या आवारातल्या स्टुडिओत रेडिओ सिलोनसाठी हिंदी कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे. सयानी तिथे जाऊन नुसते ऐकत बसायचे. एके दिवशी 'ओव्हल्टिन फुलवारी' या कार्यक्रमाची जाहिरात वाचणारा आलाच नाही. निर्मात्याने समोर बसलेल्या या पोराच्या हातात कागद दिला. त्याने तो वाचला आणि काम मिळालं. मोबदला काय, तर दर आठवड्याला ओव्हल्टिनचा एक छोटा डबा.

भारतीय गाणी सिलोनहून का लागायची?

इथे थोडा इतिहास समजून घ्यायला हवा. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. हे मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम होतं आणि सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची. आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली. त्यातच गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगायचं की नाही, यावरून निर्मात्यांशी वाद झाला. नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं सरकारचं म्हणणं. निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली.

श्रोते मात्र गाणी सोडायला तयार नव्हते. त्यांनी काटा फिरवला तो शॉर्टवेव्हवर, रेडिओ सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ताकदवान ट्रान्समीटर उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. त्याचा आवाज भारतभर पोचायचा. शिवाय त्यावर जाहिराती घेता यायच्या, ज्या आकाशवाणीवर बंद होत्या.

म्हणजे गाणी मुंबईची, जाहिरातदार भारतातली बाजारपेठ धरून असलेले, ऐकणारे भारतीय आणि प्रसारण मात्र कोलंबोहून. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या.

२५ रुपयांचा कार्यक्रम

३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही सिबा कंपनीची टूथपेस्ट. आठवड्याला मानधन २५ रुपये. तेवढ्यात कार्यक्रम लिहायचा, सादर करायचा, निर्मिती सांभाळायची आणि आलेली पत्रंही तपासायची. मुरलेले निवेदक एवढ्या पैशांत एवढं काम करायला तयार नव्हते. म्हणून ते १९ वर्षांच्या अमीनकडे आलं.

सुरुवातीला स्वरूप स्पर्धेचं होतं. सात गाणी लावायची आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासणं अशक्य होतं, म्हणून १९५४ मध्ये स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. आज आपण ज्याला काउंटडाउन म्हणतो तेच.

बुधवारी रात्री आठला हॉटेलांबाहेर आणि पानाच्या ठेल्यांवर घोळके जमायचे. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, तरी कुणी हलायचं नाही.

नंबर ठरायचा कसा?

सुरुवातीचा आधार होता रेकॉर्डची विक्री. देशभरातल्या दुकानांकडून आकडे यायचे. पण लवकरच तक्रार आली की काही जण स्वतःच्याच रेकॉर्ड विकत घेऊन गाणं वर चढवतात. आजच्या भाषेत, पैसे देऊन व्ह्यूज वाढवण्याचाच प्रकार. त्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतं आणि फर्माइशी हिशेबात धरल्या जाऊ लागल्या. एकच गाणं वर्षभर अडून बसू नये म्हणून ठरावीक काळ गाजलेल्या गाण्याला 'सरताज गीत' म्हणून मानाने निरोप दिला जायचा, तोही बिगुल वाजवून.

सयानींची खरी करामत इथे दिसते. ते क्रमांकाला 'पायदान' म्हणायचे. पायदान म्हणजे पायरी. त्यामुळे गाणं नुसतं पाचव्या नंबरवर नसायचं. ते धापा टाकत दोन पायऱ्या चढायचं, घसरायचं, कुणाला तरी मागे टाकायचं. ऐकणाऱ्याला शर्यत डोळ्यांसमोर दिसायची. शब्द अगदी सोपे असायचे आणि बोलणं थेट श्रोत्याशी. 'रहबर'मधली सवय इथे कामाला आली. ज्या भाषेवर शिक्का बसला होता, ती उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळ्यांना कळायची, हिंदी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनाही.

गीतमालेच्या पलीकडे

आकाशवाणीलाही हळूहळू बदलावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती घेणं सुरू झालं, तेही मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. ज्या संस्थेने सयानींना नाकारलं होतं, तिच्याच दारात ते आता प्रायोजित कार्यक्रम घेऊन उभे होते.

त्यांच्या कामाची यादी पाहा:

• 'सॅरिडॉन के साथी': आकाशवाणीवरच्या अगदी पहिल्या प्रायोजित कार्यक्रमांपैकी एक.

• 'एस. कुमार्स का फिल्मी मुकद्दमा': सिनेमातल्या लोकांवर लुटुपुटूचा खटला भरायचा, म्हणजे मुलाखत कोर्टाच्या नाट्यातून घ्यायची.

• 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट': रेडिओवर हमीद सयानी घ्यायचे. १९७५ मध्ये त्यांचं निधन झालं आणि ही धुरा अमीन यांच्याकडे आली. पुढे टीव्हीवर हीच स्पर्धा डेरेक ओब्रायन यांनी गाजवली.

• 'स्वनाश': एचआयव्ही-एड्सवरची आकाशवाणीची मालिका. खऱ्या प्रकरणांवर आधारलेली, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्त्यांना बोलतं करणारी. ज्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नव्हतं, त्यासाठी घरातला वाटणारा आवाज वापरला गेला.

• सिनेमा: 'भूत बंगला', 'तीन देवियां', 'कत्ल' अशा चित्रपटांत छोट्या भूमिका, बहुतेक निवेदकाच्याच.

याशिवाय हजारो जाहिराती आणि जिंगल्स. त्यांच्या नावावर ५४ हजारांहून जास्त रेडिओ कार्यक्रम आणि सुमारे १९ हजार जाहिराती-जिंगल्स सांगितल्या जातात. ५४ हजार हा आकडा ५० वर्षांत वाटला तरी रोजचे जवळपास तीन कार्यक्रम होतात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बच्चनना खरंच नाकारलं होतं का?

अमिताभ बच्चन यांना रेडिओने नाकारलं, हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. त्यात बऱ्याचदा सयानींचं नाव येतं. सयानींनी सांगितलेली हकिकत जरा वेगळी आहे. साठच्या दशकाच्या शेवटी एक उंच तरुण वेळ न ठरवता ऑडिशनसाठी आला. सयानी तेव्हा आठवड्याला वीसेक कार्यक्रम करत होते. भेटायला वेळच नव्हता. त्यांनी रिसेप्शनिस्टकरवी तसं कळवलं आणि तो तरुण परत गेला. तो बच्चन होता हे त्यांना पुढे खूप नंतर कळलं. म्हणजे त्यांच्या सांगण्यानुसार तो आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता, मग नापसंत करणार कसा?

शेवटची वर्षं

१९८८ नंतर गीतमाला विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. मधल्या काळात टूथपेस्टचं नाव बदललं तसं कार्यक्रमाचंही बदललं आणि बिनाकाची सिबाका झाली. पण टीव्ही आणि कॅसेटच्या जमान्यात गाण्यासाठी बुधवारची वाट पाहायची गरज उरली नव्हती. २००० नंतर काही काळ ती पुन्हा सुरू झाली, पण तो जुना माहोल परत आला नाही.

सयानी मात्र थांबले नाहीत. 'गीतमाला की छांव में' या मालिकेत जुन्या क्रमवारीतली गाणी आणि त्यांच्यामागचे किस्से त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केले. सारेगामाने ती बाजारात आणली. 'सारेगामा कारवां'वरही त्यांची गीतमाला आहे. तुमच्या आजी-आजोबांकडे ते यंत्र असेल, तर गीतमालेवर लावा आणि गाणं सुरू होण्याआधीचं बोलणं ऐका.