तीन वाजून एकवीस मिनिटं

डिसेंबरचा पहिला आठवडा

वेल्डरने रॅक मागच्या खोलीत उभा केला तेव्हा आई म्हणाली, "मांडणी छान झाली, पण डबे कुठायत?" सहा फूट लांब, साडेसहा फूट उंच, चौकोनी पाइपचा, तीन मजली. प्रत्येक मजल्यावर दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशा चार टाक्या. सगळ्यांत खाली, जमिनीवर, एक मोठी टाकी. तिला संप म्हणायचं. वरच्या बारा टाक्यांचं पाणी तिच्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि मोटर ते परत वर ढकलते.

आधी वजनाचा हिशेब. पाणी लिटरला किलो. सगळं मिळून साडेपाचशे लिटर. काच आणि लोखंड धरलं की सातशे किलोंच्या आसपास. राहत्या खोल्यांची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, आणि आमच्या रॅकखाली जेमतेम अर्धा चौरस मीटर. मला तो बंद केलेल्या बाल्कनीत ठेवायचा होता. एका सिव्हिल इंजिनिअर मित्राने तो बेत दोन वाक्यांत निकालात काढला: "बाल्कनी अधांतरी असते. खाली बीम कुठेय ते बघ आणि त्याच्यावर ठेव."

बीम सापडला, पण तिथल्या फरशीला खिडकीकडे ढाळ होता. एका पायाखाली चार मिलिमीटरची पट्टी सरकवली तेव्हा कुठे लेव्हल बाटलीतला बुडबुडा मधे आला. प्रत्येक टाकीखाली थर्मोकोलची शीट घातली, कारण काचेखाली वाळूचा एखादा खडा राहिला तरी पाण्याचं सगळं वजन त्या एका टोकावर येतं आणि तळ तडकतो. दीड महिना टाक्यांत मासे सोडले नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात वसायला तेवढा वेळ घेतात. घाई केली की पहिले मासे जिवाणूंच्या वाढीची किंमत चुकवतात. हे सगळं मी नीट केलं. सांगायचा मुद्दा असा, की मी निष्काळजी माणूस नव्हतो.

इलेक्ट्रिशियन तर माझ्याहून काळजीवाला. रॅकसाठी त्याने हट्टाने ३० मिलिअँपिअरचा वेगळा ईएलसीबी बसवला. "पाणी आणि लाईट एका खोलीत आहेत साहेब, हा हवाच." एक्स्टेंशन बोर्डही भिंतीवर, कमरेच्या वर लावायला सांगून गेला. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद. तो गेला दीडला, मी ड्रिल शोधेपर्यंत दोन वाजले. बोर्ड संपाच्या मागे जमिनीवर राहिला.

जानेवारी, एक दुपार

पूर्वी माझ्याकडे सुट्या टाक्या होत्या. प्रत्येकीला तिचा स्पंज फिल्टर, तिची हवेची नळी. रात्रभर भुरभुर चालायची, पण एक पंप बंद पडला तर एकच टाकी अडचणीत यायची. आता सगळ्यांना मिळून एक मोटर. पाणी बदलायचं ते एकाच जागी, औषध टाकायचं ते एकाच जागी. रॅक लावणाऱ्या प्रत्येकाला ही सोय भुरळ घालते. बारा डबकी एक करताना त्यांची दुखणीही आपण एक करतो, हे मला तेव्हा फक्त रोगांच्या बाबतीत सुचलं होतं.

संपाची एक खोड जुनीच आहे. मोटर बंद पडली की वर जाणारं पाणी उलटं फिरतं. टाकीत सोडलेल्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तो पाइप, लहानपणी आपण बादलीतून नळीने पाणी ओढायचो तसा, टाकीचं पाणी खाली ओढत राहतो, तोंड उघडं पडेपर्यंत. यावर उपाय फुकटातला: पाण्याच्या पातळीखाली दोन सेंटिमीटरवर पाइपला मेथीच्या दाण्याएवढं भोक. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मोटरीपासून तीन मजल्यांना तीन पाइप जात होते, तिन्हींना एकेक भोक पाडलं.

मग मोटर मुद्दाम बंद करून पाहिली. बत्तीसेक लिटर पाणी खाली आलं आणि थांबलं. संपात चाळीस लिटरची जागा मोकळी राहील अशा बेताने लाल चिकटपट्टी लावली. पट्टीच्या वर पाणी नाही, असा नियम केला. ती चाचणी पुन्हा केली नाही.

मे, शनिवार, सकाळी ९.३०

मोटर खरखरत होती. मे महिन्यात बारा उघड्या टाक्यांतून रोज बादलीभर पाणी हवेत जातं. संपातली पातळी उतरली की मोटर हवा ओढते आणि तसा आवाज येतो. ड्रममध्ये क्लोरीन उडून जायला कालपासून भरून ठेवलेलं पाणी होतं, ते संपात ओतलं. लाल पट्टी आली. ड्रममध्ये अजून पाणी उरलेलं. रविवारी मासे पकडायची धावपळ, पुन्हा कोण ओतत बसणार म्हणून तेही रिकामं केलं. काठाशी बारा लिटरची जागा उरली असेल.

दुपारी ४.१०

दुकानदाराचा फोन. उद्या सकाळी साडेनऊला येतो, एंजलचा सगळा लॉट तयार ठेवा. मुंबईतल्या दुकानांत दिसणारे पुष्कळ शोभेचे मासे चेन्नईच्या कोलत्तूरहून आणि कोलकात्याहून येतात. प्रवासाने थकलेल्या त्या मालापेक्षा घरात वाढलेले मासे टिकतात, म्हणून तो माझ्याकडे आला होता. मधल्या ओळीत पाच, सहा आणि सात नंबरच्या टाक्यांत मिळून दोनशे पिल्लं होती, आठ आठवड्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी. चाळीस लिटरला सत्तर. ही दाटी आहे हे मला ठाऊक होतं. वाहतं पाणी आहे तोवर चालतं, असं आम्ही सगळेच म्हणतो.

रात्री ९.१५

मासे पॅक करायचे असले की आदल्या दिवशी उपाशी ठेवतात. पिशवीतलं पाणी घाण होत नाही, आणि रिकाम्या पोटी मासा ऑक्सिजनही कमी ओढतो. मी उलटं केलं. दुकानदाराला पोरं गुटगुटीत दिसावीत म्हणून तिसऱ्यांदा खायला घातलं, ताजा आर्टेमिया, सकाळीच मिठाच्या पाण्यातून गाळलेला. पोटं नारिंगी दिसायला लागली. मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री लोक जेवणाचा आग्रह करतात ना, त्यातला प्रकार.

रात्री ११.०५

वरच्या ओळीत, दोन नंबरमध्ये, एंजलच्या जोडीने उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर अंडी घातली. अमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा पाण्यातल्या पानांवर घालतो. घरात त्याला उभट आणि गुळगुळीत काहीही चालतं. मादी कुंडीला पोट घासत वर सरकायची, मागे अंड्यांची एक ओळ राहायची, मग नर त्याच ओळीवरून जायचा. मोहरीहूनही बारीक, पारदर्शक, मधाच्या रंगाची अंडी, तीनशे तरी असावीत. कुंडी बावीस सेंटिमीटर उंच, पाणी अठ्ठावीस. जोडीने नेमका कुंडीचा वरचा भाग निवडला होता. नंतर दोघं पाळीपाळीने परांनी वारा घालत बसली. मी दिवा मंद केला आणि झोपायला गेलो.

रात्री २.४७

वळीव आला, ढग गडगडले आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आम्ही घेतलेला नाही. पंखा थांबला तशी जाग आली. अंधारात पडल्या पडल्या मागच्या खोलीतली मोटरीची घरघर थांबल्याचं कळत होतं. उठावं का, हा विचार आला, हे कबूल केलं पाहिजे. मग वाटलं, भोकं आहेत की, चाचणी केलीय आपण. पाणी पडल्याचा आवाज येत होता. बाहेर पाऊसच इतका होता, की पाण्याच्या आवाजाचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

तिकडे काय चाललं होतं ते सकाळी पाइप काढले तेव्हा कळलं. वरच्या दोन ओळींवर ट्यूब लागायच्या. पाच महिन्यांच्या उजेडात त्या पाइपांना शेवाळ धरलं होतं, त्यावर क्षारांचा पांढरा थर. दोन्ही भोकं बुजली होती, सुईने खरवडल्यावर हिरवट खडूसारखा गोळा निघाला. तळाची ओळ सावलीत असायची, तिथलं भोक स्वच्छ होतं. म्हणजे तळाच्या चार टाक्या थोडक्यात थांबल्या आणि वरच्या आठ टाक्या पाइपाची तोंडं उघडी पडेपर्यंत, दहा सेंटिमीटर, रिकाम्या होत राहिल्या. पंचेचाळीस गुणिले तीस गुणिले दहा, म्हणजे टाकीमागे साडेतेरा लिटर. आठांचे एकशे आठ. तळाच्या ओळीचे दहा वेगळे. संपात जागा बाराची.

उरलेले शंभरेक लिटर फरशीवर आले आणि ढाळाने निघाले. वाटेत बोर्ड होता.

पहाटे ३.२१

लाईट आली. बाथरूमचा दिवा लागला, फ्रिज गुरगुरला, पंखा फिरायला लागला. ओल्या बोर्डातून वीज गळली आणि रॅकचा ईएलसीबी त्याच क्षणी पडला. त्याचं काम त्याने चोख केलं. तो नसता तर सकाळी अनवाणी त्या पाण्यात पाय घालणारा मी होतो. पण त्याने वीज तोडली ती फक्त रॅकची. माझ्या डोक्यावर पंख्याचा गार वारा होता. मी कूस बदलली आणि गाढ झोपलो.

मोठा आवाज करणारा एखादा भोंगा तिथे असता तर, असं नंतर खूप वेळ मनात आलं. लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप मिळतो. तो माझ्या यादीत होता, फेब्रुवारीपासून.

पहाटे ४ ते ६

या दोन तासांत मी काही पाहिलं नाही, पण काय झालं असणार ते सांगता येतं. तीस अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. वीस अंशांच्या पाण्यात तो नऊच्या घरात असतो. नवा ऑक्सिजन शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि पाणी हलत असेल तरच नीट शिरतो. मधल्या टाक्यांत पाणी एक तृतीयांश कमी झालेलं, थांबलेलं, आणि सत्तर पिल्लं भरल्या पोटी. आधी ती वर आली असणार, तोंडं पृष्ठभागाला लावून. आधी मोठी दमली असणार, कारण त्यांना लागतोही जास्त. एक मेला की त्याचं कुजणं उरलेल्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन खायला लागतं.

सकाळी ६.४०

दाराची बेल. खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात ओलं फडकं.

"अहो, आमच्या पंख्याच्या कपातून पाणी टपकतंय. तुमच्याकडे नळ राहिलाय का कुणाचा?"

मी मागच्या खोलीचं दार उघडलं. पाणी घोट्यापर्यंत वगैरे नव्हतं, बोटभरही नव्हतं. शंभर लिटर खोलीभर पसरलं की तेवढंच दिसतं. खोलीत शांतता होती. मोटर नसल्यावर ती खोली इतकी गप्प असते हे मला ठाऊकच नव्हतं.

सकाळी ७.००

बायकोने मेन बंद केला, मी बोर्डाची पिन काढली, मग मोजायला बसलो. पाचमध्ये चार जिवंत. सहामध्ये एकोणीस. सातमध्ये आठ. बाकीची तळाशी आडवी, नारिंगी पोटं अजून तशीच. दोन नंबरमध्ये जोडी जिवंत होती, पण पाणी अठरा सेंटिमीटरवर आलेलं, आणि कुंडीचा वरचा चार सेंटिमीटर भाग उघड्यावर. अंडी त्यावर सुकून चिकटली होती, पिवळट, खिरीच्या भांड्याच्या काठाला साबुदाणा चिकटतो तशी. मादी पाण्याच्या रेषेशी येऊन परांनी वारा घालत होती. वारा घालायला तिथे पाणी नव्हतं.

तळाच्या ओळीत एकही मासा मेला नाही. पातळी तिथे फारशी उतरली नव्हती, दाटीही नव्हती, पण कारण तेवढंच नाही. त्या ओळीत मी योगायोगाने ठेवले होते ते फायटर, गुरामी, कोरी आणि ब्रिसलनोज. फायटर आणि गुरामी पाण्यावर येऊन हवा घेतात, त्यांना त्यासाठी वेगळा अवयव असतो. कोरी हवा गिळून आतड्यातून श्वास घेतो, ब्रिसलनोज अडचणीत असला की जठरातून. फायटर आणि गुरामी तर थांबलेल्या, गढूळ पाण्यांतून आलेली जात. नऊ नंबरमध्ये फायटरने रात्रीतून बुडबुड्यांचं घरटंही बांधलं होतं. पाणी हलत नसलेलं त्याला आवडतं.

मी जुन्या माळ्यावरच्या डब्यातून दोन एअर पंप काढले, धूळ झटकली, मेन परत चालू करून बैठकीच्या खोलीतून वायर ओढली आणि पाच-सहा-सातमधली सगळी पोरं सहा नंबरमध्ये गोळा केली. एकतीस.

सकाळी ९.४०

दुकानदार वेळेला आला. त्याला फोन करायचं मला सुचलंच नव्हतं. एका खांद्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचं बंडल, दुसऱ्या हातात पॅकिंगसाठीचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. दारातच त्याने ओली फरशी पाहिली, पुढे मेलेल्या पिल्लांच्या बादलीकडे पाहिलं, काही विचारलं नाही. चपला काढल्या, पँटच्या घड्या वर केल्या आणि सहा नंबरपाशी उकिडवा बसला.

"एअर स्टोन आहे का जास्तीचा?"

मी दिला. त्याने सिलिंडरची नळी त्याला जोडली, चावी अगदी पाव फिरवली आणि टाकीच्या काठाला हात टेकून बुडबुडे बघत राहिला.